शार्ङ्गधरपद्धतींतील लक्ष्यसाधन : एक परीक्षण

धनुर्वेदाविषयीं जें लेखन होतें त्यांत बहुधा दोन टोकें आढळतात. एका टोकास मंत्रास्त्रांचें कौतुक, तर दुसऱ्या टोकास सगळा विषय कविकल्पना म्हणून बाजूस सारणें. या दोहोंच्या मध्यें एक साधा प्रश्न तसाच राहून जातो. आपला धनुर्धर नेम धरी तो कसा? डोळा कोठें ठेवी, बाणाचें टोक कोठें धरी, आणि लक्ष्याचें अंतर वाढलें म्हणजे नेमकें काय बदली? या प्रश्नाचें उत्तर शार्ङ्गधरपद्धतीच्या धनुर्वेदप्रकरणांत आहे. परंतु तें तीन ठिकाणीं विखुरलेलें असल्यामुळें एकत्र वाचलें जात नाहीं, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें येथें मांडितों.

शार्ङ्गधरानें आपला हा संग्रह इ. स. १३६३ मध्यें सिद्ध केला. त्याचा पितामह राघवदेव हा चाहमान हम्मीराच्या सभेंतला. मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत पीटर पीटर्सन यांनीं १८८८ सालीं हा ग्रंथ छापला, तेव्हांपासून तो अभ्यासकांच्या हातीं आहे. परंतु ग्रंथ पडला सुभाषितांचा. ऋतुवर्णनें, राजस्तुति, अन्योक्ति यांच्या पंक्तीस धनुर्वेदाचे श्लोक आल्यामुळें वाचक तेही त्याच चालीनें वाचतो. नांवांच्या याद्या म्हणजे अलंकार असें समजून पुढें जातो. वस्तुतः हेच श्लोक थोड्याफार पाठभेदांनीं वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेंतही येतात. म्हणजे ही सामग्री कवीची नसून शिक्षकाची आहे.

आतां तीं तीन स्थळें पाहूं. पहिलें स्थळ लक्ष्य चुकूं नये म्हणून सांगितलेल्या नियमाचें. लक्ष्य, बाणाचें अग्र आणि दृष्टि या तिहींची संगति जुळली असतां सोडलेला बाण चुकत नाहीं, असा त्याचा आशय आहे. दुसरें स्थळ व्यायांचें, म्हणजे दोरी ओढून बाणाचें पुच्छ कोठवर आणावयाचें त्याच्या पांच प्रकारांचें. केशमूलाशीं कैशिक, शृङ्गाशीं सात्त्विक, कानाशीं वत्सकर्ण, मानेशीं भरत आणि खांद्याशीं स्कन्ध. तिसरें स्थळ संधानाचें. बाण दोरीस लावावयाचा तो अधः, सम किंवा ऊर्ध्व. पैकीं अधःसंधान दूर पल्ल्यासाठीं, सम हें निश्चल लक्ष्यासाठीं आणि ऊर्ध्व हें कठीण वस्तूच्या भेदासाठीं सांगितलें आहे.

पहिला नियम एकटा घेतला तर तो खोटा पडतो, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. बाण सरळ रेषेंत जात नाहीं. सुटल्या क्षणापासून तो खालीं ओढला जातो. पुच्छ नेहमीं एकाच जागीं आणून अग्र नेहमीं लक्ष्यावरच धरलें, तर वेध एकाच ठराविक अंतरावर साधेल. त्याहून जवळ बाण वरून जाईल, दूर असतां खालीं पडेल. परंतु याच प्रकरणांत लक्ष्याचीं अंतरें २०, ४० आणि ६० धनुष्यें अशीं कनिष्ठ, मध्यम व उत्तम म्हणून दिलीं आहेत. एकाच संगतीनें हीं तिन्ही साधणार कशीं? येथें वाचकानें ग्रंथकारास दोष देण्यापूर्वीं व्यायांचा श्लोक पुन्हा उघडावा.

संगतीचा नियम डोळा, अग्र व लक्ष्य यांस बांधतो. पुच्छास बांधीत नाहीं. पुच्छ मोकळें राहतें, आणि व्याय म्हणजे त्या पुच्छाचीं स्थानें. अग्र लक्ष्याच्या रेषेवर ठेवून पुच्छ डोळ्याच्या खालीं जितकें उतरवावें तितका बाण वर रोखला जातो, आणि पल्ला वाढतो. हिशेब करून पाहतां येतो. ग्रंथांत बाणाची लांबी दोन हातांस एक मूठ कमी सांगितली आहे. हात १८ इंचांचा व मूठ ४ इंचांची धरल्यास ती ३२ इंच होते. पुच्छ कानाशीं, डोळ्याहून २ इंच खालीं धरलें तर बाणास सुमारें साडेतीन अंशांचा चढ मिळतो. मानेशीं ६ इंच खालीं धरलें तर सुमारें साडेदहा अंश. खांद्याशीं ९ इंच खालीं धरलें तर जवळजवळ सोळा अंश. बाणाचा वेग सेकंदास ५० मीटर धरून व हवेचा रोध सोडून दिल्यास हे पल्ले अनुक्रमें सुमारें ३२, ९२ व १३३ मीटर येतात. चार हातांचें एक धनुष्य या मानानें ग्रंथांतील ६० धनुष्यें म्हणजे १२० वार, अर्थात् सुमारें ११० मीटर. आणि २० धनुष्यें म्हणजे सुमारें ३७ मीटर. वेग, मूठ व शरीराचें मान हीं गृहीत असल्यामुळें या आंकड्यांस तंतोतंत जुळणी म्हणतां येणार नाहीं. तरी ग्रंथांतील अंतरें मनुष्याच्या कानापासून खांद्यापर्यंतच्या टप्प्यांत बसतात, एवढें त्यांवरून निश्चित होतें.

याच अर्थास दोन आधार ग्रंथांतूनच मिळतात. सात्त्विक व्याय खालच्या लक्ष्यासाठीं सांगितला आहे; क्रमावरून त्याचें स्थान केशमूल व कान यांच्या दरम्यान, म्हणजे उंचावर येतें. पुच्छ वर राहिलें म्हणजे अग्र खालीं झुकतें, हें उघड आहे. तसेंच चुकांच्या प्रकरणांत, चापाची मूठ वर व दोरीची मूठ खालीं राहिल्यास बाण लक्ष्यावरून निघून जातो असें म्हटलें आहे. एके ठिकाणीं जी चूक, तीच दुसऱ्या ठिकाणीं जाणूनबुजून केली असतां युक्ति होते. कारण एकच, आणि तें ग्रंथकारास ठाऊक होतें. अधःसंधानानें दूर पल्ला मिळतो याचेंही मर्म हेंच.

या अर्थावर एक आक्षेप येतो व तो सबळ आहे. भरत व्यायाचें प्रयोजन दूर पल्ला असें दिलेलें नसून दृढभेद असें दिलें आहे. स्कन्धास मात्र दृढभेद व दूर पल्ला अशीं दोन्ही प्रयोजनें दिलीं आहेत. तेव्हां पांच व्याय म्हणजे केवळ अंतरांची मोजपट्टी असें म्हणणें धाडसाचें होईल. आमच्या मतें येथें दोन गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत. पुच्छ कानाखालीं उतरलें म्हणजे हात चेहऱ्यास न अडतां अधिक मागें जाऊं शकतो, ओढ वाढते व आघात जोरदार होतो; त्याच वेळीं बाणाचा चढही वाढतो. भरतांत ओढीस प्राधान्य, स्कन्धांत ओढ व चढ दोहोंस. ऊर्ध्वसंधानाचा भेदाशीं जोडलेला संबंध मात्र या मीमांसेनें उलगडत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

ही युक्ति पुस्तकीच राहिली असेंही नाहीं. जागतिक धनुर्विद्या संघटनेच्या नियमांखालीं आज ज्या स्पर्धा होतात, त्यांत नेमयंत्र नसलेल्या धनुष्याचा एक वर्ग आहे. त्या वर्गांत धनुर्धरास दोरीवरील बोटें खालींवर सरकविण्याची व चेहऱ्यावर हात टेकण्याची जागा बदलण्याची मुभा आहे, आणि तो अंतराप्रमाणें तसें करितो. अग्र लक्ष्यावर, बदल मागच्या टोकास, तत्त्व तेंच.

मग हा अर्थ इतका दुर्लक्षित कां राहिला? आमच्या समजुतीनें याचें कारण आदिपर्वांतील द्रोणाची परीक्षा हें आहे. झाडावरच्या पक्ष्याचें केवळ मस्तक पाहणारा अर्जुन आमच्या मनांत इतका ठसला आहे, कीं नेम म्हणजे एकाग्रता हेंच समीकरण होऊन बसलें. व्यासांस तेथें चित्ताची परीक्षा सांगावयाची होती व ती त्यांनीं अजोड सांगितली. परंतु शास्त्रकार शिष्यास लक्ष्याबरोबर बाणाचें अग्रही पाहावयास लावतो. काव्यांत दोरी सदैव आकर्ण ओढली जाते. शास्त्रांत कान हें पांचांपैकीं एक स्थान. काव्याच्या मापानें शास्त्र मोजलें म्हणजे शास्त्र दरिद्री दिसूं लागतें.

या परीक्षणाचा उपयोग पोथ्या जमविणारांस आहे. लेखकाच्या हातून ‘अधः’चें ‘अधम’ झालें, तर दूर पल्ल्याचें संधान एका अक्षरानें हलक्या प्रतीचें ठरतें, आणि व्याकरणास त्यांत वावगें दिसत नाहीं. अशा जागीं केवळ प्रतींची संख्या मोजून पाठ ठरवूं नये. धनुष्य, बाण व डोळा यांच्या भूमितींत कोणता पाठ बसतो हें पाहावें. ज्यांच्या संग्रहीं धनुर्वेदाचीं सुटीं पानें असतील त्यांनीं व्याय, संधान व लक्ष्यस्खलन हीं तीन प्रकरणें आधीं शोधावीं आणि तिन्ही असतील तर एकत्र नकलून प्रसिद्ध करावीं. एकेकटें छापलेलें प्रकरण वाचकास पुन्हा नांवांच्या यादीकडेच नेईल.