चार चौकटींत आनंदीबाई कुठे बसतात?

परवा गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत एका ज्युनिअरने मला तिची प्रश्नावली दाखवली. विषय होता, परदेशात बरीच वर्षं राहिलेल्या मराठी विद्यार्थ्यांची ओळख आणि आपलेपणा. मी वरवर वाचून 'छान आहे' म्हणालो. घरी आल्यावर वाटलं, घाई केली.

प्रश्नावली जॉन बेरी यांच्या प्रसिद्ध मॉडेलवर उभी आहे. त्यात दोन प्रश्न असतात : आपली संस्कृती जपायची का? नव्या समाजाशी संबंध ठेवायचे का? हो-नाही उत्तरांतून चार गट पडतात. दोन्ही जपणारे, नव्यात मिसळून जाणारे, आपल्यातच राहणारे आणि दोन्हीकडून तुटलेले. तक्ता पटकन तयार होतो, तुलना सोपी जाते, म्हणून आपल्याला हे मॉडेल आवडतं.

आता त्यात आनंदीबाई जोशी यांना बसवून बघा. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं जाहीर भाषणात सांगून त्या 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या. ऑक्टोबर 1885 च्या फोटोत त्या साडीत आहेत. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, त्याही आपापल्या पोशाखात. एवढंच पाहिलं तर 'आपल्यातच राहणाऱ्या' या चौकटीवर खूण करून आपण मोकळे होऊ.

पण न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या मावशी मानत. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात गेल्या, आणि त्यांची रक्षा मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. पोशाख एक उत्तर देतो, नातं दुसरं. दोन्ही खरी आहेत.

घरात एक आणि बाहेर एक असं असू शकतं, हे बेरींनाही मान्य आहे. चूक आपण करतो. आयुष्यभराचं उत्तर एकदाच, एका टिकमार्कमध्ये मागतो. मग 'तुटलेला' हा शब्द आपल्या तक्त्यातून त्या माणसाला कायमचा चिकटतो.

म्हणून जेवण, भाषा, मैत्री, सण यांबद्दल वेगवेगळं विचारा. पहिलं वर्ष आणि पाचवं वर्ष वेगळं ठेवा. 'स्वतःला भारतीय मानता का?' याऐवजी 'आजारी पडलात तेव्हा पहिला फोन कोणाला केलात?' असं विचारून बघा. अशा उत्तरांचं कोडिंग किचकट असतं, वेळही जास्त जातो, हे खरंच.

काल ज्युनिअरला हे सगळं सांगितलं. प्रस्ताव सोमवारी द्यायचाय, त्यामुळे ती वैतागली. 'हे परवाच का नाही सांगितलं?' म्हणाली. तिचं बरोबर आहे.