सुताराच्या हत्यारावरची नक्षी : तिला जोखायचं कसं?

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. सुताराच्या धातूच्या हत्यारांवर हाताने कोरलेली नक्षी. रंध्याच्या बाजूवर वेल, गुण्याच्या पितळेवर फूल, अशी चित्रं आपल्यापैकी अनेकांनी फोनवर पाहिली असतील. पाहणारा ‘वा!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. आपण तिथेच थांबू आणि विचारू, की ही नक्षी चांगली की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

सुरुवात आपल्या मावळातूनच करू. भाज्याच्या चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. दगडाला त्याची गरज नव्हती. ती लाकडी बांधणीची सवय दगडात उतरली. कार्ल्याच्या छताला तर सागवानी फासळ्याच आहेत, दोन हजार वर्षांच्या. तिथल्या दर्शनी भागात एक ब्राह्मी लेख आहे : धेनुकाकटचा ‘वढकी’ सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दार घडवलं. वढकी म्हणजे सुतार; हिंदीतला ‘बढई’ त्याच कुळातला. म्हणजे या डोंगरात सुताराचं नाव कोरलेलं आहे. त्याच्या हत्यारांचा मात्र मागमूस नाही.

आता कोरतात कसं, ते पाहू. चौकोनी पोलादी कलमाचं टोक तिरकं घासतात आणि ते तळहाताने रेटत किंवा हलक्या हातोडीने ठोकत पुढे नेतात. धातूची बारीक चिरी उचलली जाते, मागे व्हीच्या आकाराची खाच राहते. कलम खोल गेलं की रेघ जाड, वर आलं की बारीक. पितळ यात गुणी, रेघ स्वच्छ निघते. बिडाच्या ओतिवात ग्राफाइटचे कण असतात, त्यामुळे कड भुरभुरते. पाणी दिलेलं पातं तर कलमालाच दाद देत नाही. म्हणजे नक्षी कुठे काढायची, हे निम्मं धातूच सांगतो.

उरलेलं निम्मं काम सांगतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आठवा. पोपट, मोर, घोडा, सगळं मुठीत आणि अंगात. सुपारी कातरणारी धार साधी. तांबट आळीतलं मठारकाम याच्याही पुढे जातं. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि तेच ठोके डोळ्यांना नक्षी दिसतात. तिथे शोभा आणि काम वेगळं काढताच येत नाही.

या मापाने पाहिलं तर आजच्या पुष्कळ कोरीव रंध्यांबद्दल आमची तक्रार आहे. नक्षी इतकी दाट, की हात कुठे ठेवायचा हेच कळत नाही. वेलही बहुतेक तोच, बंदुकांवर कोरला जाणारा युरोपी पानांचा. त्यापेक्षा स्टॅनले कंपनीचा ४५ नंबरचा जुना रंधा प्रामाणिक वाटतो. त्यावरची फुलंपानं साच्यातून ओतलेली, कोरलेली नव्हेत. पण तो रंधा कामाला जुंपण्यासाठीच विकला जाई.

आणि लोणावळ्याचा पाऊस विसरून चालणार नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास! लोखंडातली प्रत्येक खाच ओल धरून ठेवते. मालक रोज तेलाचा बोळा फिरवणार असेल तरच ती नक्षी टिकेल. म्हणून आम्ही म्हणतो, कोरीव हत्याराचं परीक्षण कपाटात नको, चार पावसाळे वापरल्यावर करा.

कोणी म्हणेल, आपल्याकडे हत्यार सजवायची रीत आहेच की, खंडेनवमीला! खरं आहे. त्या दिवशी करवत, पटाशी, वाकस धुऊन-पुसून मांडतात, हळद-कुंकू, फुलं वाहतात. पण ती सजावट दुसऱ्या दिवशी पुसली जाते आणि हत्यार पुन्हा बिननावाचं होतं. गंमत अशी, की घरातल्या स्टीलच्या डब्यावर आपण हौसेने नाव घालून घेतो, कोणी दिला, कधी दिला, सगळं. ज्या रंध्यावर घर चाललं, त्यावर मात्र काही नाही. सुतार गेला की त्याची पेटी पुष्कळदा भंगारात वजनावर जाते. बिननावाच्या लोखंडाला किलोचाच भाव.

तेव्हा मावळातल्या कोणाला हत्यारावर कोरायचंच असेल, तर उसना वेल नको. कार्ल्याच्या दगडातलं कठड्याचं नक्षीकाम मुळात लाकडी कुंपणाचंच आहे. ते सुताराच्या पितळेवर आलं तर घरी परतल्यासारखं होईल. पण त्याच्याही आधी नाव आणि साल कोरा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. ते वाचल्यावर नातू पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवताना निदान एकदा थबकेल.