वाकळ: ध्यान, पोत आणि मजुरी



हल्ली कापडाचे तुकडे शिवून भिंतीवर लावायचे आर्ट क्विल्ट तयार होतात, आणि त्यांच्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: हे शिवणं म्हणजे ध्यान. कोरेगावात बसून हे वाक्य तपासायचं तर सुरुवात वाकळेपासून करायला हवी. पुण्या-मुंबईकडे तिला गोधडी म्हणतात.

तिची घडण बघा. खाली-वर त्यातल्या त्यात धड लुगडं, मध्ये विटकी धोतरं, फाटकी लुगडी. धावदोरा काठापासून निघतो आणि चौकोनात फिरत फिरत आत सरकतो. प्रत्येक टाका सगळे थर एकत्र ओढतो, म्हणून दोन ओळींमधलं कापड किंचित फुगतं. धुतल्यावर सुरकुत्या आणखी उठतात. हात फिरवला की लागतो तो पोत असा येतो. तो कुणी नक्षी म्हणून काढलेला नाही, थर घट्ट धरून ठेवायच्या गरजेतून तो आलाय.

आता ध्यान. त्यात तथ्य आहे. एकसारखे टाके घालताना हात लय पकडतो, मन एका जागी येतं. पण वाकळेला बाई एकटी, डोळे मिटून बसलेली नसायची. चौघीजणी चार बाजूंनी बसायच्या, बोलायच्या, सुखदुःख काढायच्या. आणि मन लागलेलं असायचं ते पांघरणाऱ्यावर. थंडीच्या आत हे पुरं व्हायला हवं, एवढाच हिशोब.

आपल्याकडे चिंध्यांना वैराग्याचा अर्थही आहे. गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी अंगावर घ्यायचे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे. पण त्यांच्या हातात खराटा होता, हे विसरून चालणार नाही. तिथं साधना आणि काम वेगळं काढता येत नाही.

माझा आक्षेप भिंतीवर टांगण्याला नाही. आज एखादी बाई स्वतःसाठी तासभर सुई-दोरा घेऊन शांत बसत असेल, तर ती तिची कमाईच आहे. तिच्या आजीला तो तास मिळत नव्हता. आक्षेप दोन ठिकाणी आहे. नवं कापड मुद्दाम जुनाट करून सुरकुत्या पाडल्या, की पोत नुसता देखावा होतो. आमच्याकडे दसरा काढताना वाकळा नदीवर नेऊन आपटून धुतात. त्यात जो टाका टिकतो तो खरा. आणि दुसरं, मजुरीनं शिवून घेतलेल्या वाकळेला 'ध्यान' म्हटलं की मजुरीचा प्रश्नच मिटतो. ध्यानाचे पैसे कोण मागणार?

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत अलाबामामधल्या जीज बेंड गावात कृष्णवर्णीय बायका जुन्या कामाच्या कपड्यांपासून गोधड्या शिवायच्या. 2002 मध्ये त्या ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रांशी केली. 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 मध्ये त्यातल्याच काही जणींना मोबदल्यासाठी कोर्टात जावं लागलं. तिथं निदान शिवणारीचं नाव गोधडीबरोबर लागलं होतं. आपल्याकडे वाकळेखाली बहुतेक वेळा 'पारंपरिक, महाराष्ट्र' एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून समीक्षक म्हणून माझी मागणी साधी आहे. वाकळ प्रदर्शनात लावताना खाली तीन गोष्टी लिहा: शिवली कुणी, कापड कुणाच्या अंगावरचं, आणि शिवणारीला किती पैसे मिळाले. ती काम करताना तिला शांत वाटलं का, हे तिलाच विचारा. ती 'कंबर मोडली' म्हणाली, तर तेही लिहा.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.