मस्तानी राजकन्याच हवी का?

इंग्लंडात १८११ ते १८२० या काळात आजारी राजाच्या जागी त्याचा मुलगा कारभार पाहत होता. त्या 'रीजन्सी' काळावर इंग्रजीत प्रेमकादंबऱ्यांचे अमाप पीक येते. बड्या घरचा तरुण आणि मोलकरीण ही त्यातली हुकमी जोडी. ज्युलिया क्विन यांची २००१ ची 'अ‍ॅन ऑफर फ्रॉम अ जंटलमन' घ्या. बेनेडिक्ट मोलकरीण सोफीवर भाळतो. पण आधी लग्नाची मागणी घालत नाही, अंगवस्त्र म्हणून राहा म्हणतो. कादंबरीतला हाच भाग आम्हाला सर्वांत खरा वाटला. पुढे लग्न लागते. ते वाचकाला पचावे याची तजवीज मात्र लेखिकेने सुरुवातीलाच केलेली असते. सोफी एका अर्लची अनौरस मुलगी आहे! त्यामानाने त्या काळात प्रत्यक्ष जगलेली जेन ऑस्टिन प्रामाणिक. १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये पैशाचे अंतर मोठे आहे, पण आपण दोघे एकाच थरातले, हे एलिझाबेथ ठणकावून सांगते. मोलकरणीला वाड्याची मालकीण करण्याचा आव ऑस्टिन आणत नाही.

आमच्या आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पाबळला, मस्तानीची कबर आहे. तिच्या कथेतही सोफीचीच युक्ती दिसते. ज्यांना ती खुपली त्यांनी तिला कलावंतीण म्हटले. ज्यांना तिची बाजू घ्यायची होती त्यांनी तिला छत्रसालाची मुलगी केले. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आधारलेल्या २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटात ती तलवार चालवणारी राजकन्याच आहे. उरलेल्यांनी तिच्या गळ्यातून उतरणारा विड्याचा रस पाहण्यात धन्यता मानली. तिचे कुळ कोणते, हा वाद इतिहासकारांनी घालावा. आमचा प्रश्न कथाकारांना आहे. ती कलावंतीण असती तर बाजीरावाचे प्रेम हलके ठरले असते काय?

शिवाय राजकन्या ठरवूनही उंबरठा ओलांडता येत नाही. पेशव्यांच्या घरच्यांनी तिला कैदेत टाकले. १७४० च्या एप्रिलमध्ये बाजीराव रावेरखेडीला वारला, त्याच वर्षी मस्तानीही गेली. त्यांचा मुलगा समशेरबहाद्दर पेशव्यांकडून पानिपतावर लढला आणि १७६१ मध्ये त्या जखमांनी मेला. रक्त चालले, पंगत चालली नाही.

'छत्रसालाची मुलगी' म्हटले की आपल्या मुस्लिम वाचकालाही बरे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. निकाहाला दोन साक्षीदार, मेहर आणि 'कबूल' पुरते. पण त्याआधी स्थळ पाहताना बागवान की अत्तार, तांबोळी की पिंजारी, ही चौकशी आपण करतोच. खानदान विचारणारा समाज नायिकेचेही खानदानच विचारणार.

कादंबरीकाराला खरी दरी हवी असेल तर त्याने जुन्नरला यावे. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने इथे निजामशाहीची राजधानी आणली आणि आपली मुलगी सुलतान मुर्तझाला दिली. सुलतानाच्या इराणी बेगमेने तिला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि त्यातून पुढे विषप्रयोग झाला, असे एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. हिला अर्लची मुलगी करता येत नाही, छत्रसालाचीही नाही. कदाचित म्हणूनच तिच्याकडे कोणी वळत नाही.