एका संगणकक्रीडेंतील हिंदी वास्तु

‘एज ऑफ एम्पायर्स ३’ ह्या क्रीडेच्या ‘द एशियन डायनॅस्टीज’ (२००७) ह्या पुरवणींत हिंदी राज्यास पुढील युगांत जाण्यासाठीं पांचांपैकीं एक ‘आश्चर्य’ उभारावें लागतें. चितोडचा विजयस्तंभ राणा कुंभाचा, पंधराव्या शतकांतला, चारमिनार १५९१ चा, ताजमहाल शहाजहानचा. परंतु खेळाडूच्या मनांत आल्यास ताजमहालानंतर, औद्योगिक युगांतही विजयस्तंभ उठतो! ही हेळसांड आम्हांस क्षम्य वाटत नाहीं. कारण पुष्कळ मुलांस ह्या वास्तूंचें प्रथम दर्शन येथेंच घडतें. औद्योगिक युगास खरोखर शोभलें असतें तें मुंबईचें, १८८८ सालीं पुरें झालेलें व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस). दगडी जोत्यावर विटांचे मजले चढविलेला, १८२८ च्या आगींत गेलेला पेशव्यांचा शनिवारवाडाही त्या पांचांत नाहीं.