झोंबीपट

झोंबीपट : मृत्यूनंतर पुन्हा हालचाल करू लागलेल्या, वाणी व विचारशक्ती हरपलेल्या आणि जिवंत माणसांवर तुटून पडणाऱ्या प्रेतसमूहाभोवती रचलेला भयपटाचा एक उपप्रकार. त्याचे आजचे रूप मुख्यतः अमेरिकन चित्रपटदिग्दर्शक जॉर्ज ए. रोमेरो (४ फेब्रुवारी १९४०–१६ जुलै २०१७) याने घडविले. मराठीत ‘झोंबी’ हा शब्द झटापट वा कुस्ती या अर्थाने पूर्वीपासून रूढ असून आनंद यादव यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे (१९८७) तेच शीर्षक आहे. प्रस्तुत शब्दाचा त्याच्याशी व्युत्पत्तीचा संबंध नाही. तो हैती देशातील लोकसमजुतींतून आलेला आहे.

हैतीतील समजुतीनुसार मांत्रिक प्रेत उठवितो आणि त्याला गुलामासारखे राबवितो. तेथे खरे भय वाटते ते झोंबीचे नव्हे, तर आपण स्वतः झोंबी होण्याचे. फ्रेंच वसाहतीतील उसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांची स्मृती या कल्पनेमागे आहे. अमेरिकेने १९१५ ते १९३४ या काळात हैतीवर लष्करी ताबा ठेवला होता. त्या काळात ही कल्पना अमेरिकन वाचकांपर्यंत पोहोचली आणि ‘व्हाइट झोंबी’ (१९३२) या चित्रपटाद्वारे पडद्यावर आली. त्यातही झोंबीला धनी होता; धन्याचा नाश झाला की संकट संपत असे.

रोमेरोने हा धनीच काढून टाकला. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हा त्याचा पहिला कथापट पिट्सबर्गच्या परिसरात, अल्प खर्चात, कृष्णधवल फितीवर चित्रित झाला. त्याच्या कल्पनेचे बीज रिचर्ड मॅथेसनच्या ‘आय ॲम लेजंड’ (१९५४) या कादंबरीत असल्याचे रोमेरोने मान्य केले होते. विशेष म्हणजे या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही. मंदगतीने चालणारी प्रेते, त्यांचा दंश झालेल्याचे मरणोत्तर त्यांच्यात होणारे रूपांतर आणि मेंदूवरील आघातानेच येणारा त्यांचा अंत हे संकेत मात्र येथूनच रूढ झाले. वितरणाच्या वेळी शीर्षक बदलताना स्वामित्वहक्काची सूचना गळाल्याने हा चित्रपट अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा ठरला. त्यामुळे त्याच्या निर्मात्यांचे नुकसान झाले. पण त्याचे संकेत सर्वत्र पसरण्यास मदतही झाली.

तथापि रोमेरोचे महत्त्व या संकेतांपुरते नाही. त्याच्या चित्रपटांत प्रेते बाहेर असतात आणि कथा आत, आश्रयस्थानी कोंडलेल्या माणसांत घडते. पहिल्या चित्रपटातील नायक कृष्णवर्णीय आहे. रात्रभर तग धरून राहिलेल्या या नायकाला अखेरीस बचावपथकच प्रेत समजून गोळी घालते. मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येच्या वर्षी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा शेवट प्रेक्षकांना निव्वळ कल्पित वाटणे शक्य नव्हते. ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये (१९७८) प्रेते सवयीने बाजारसंकुलात परततात, ‘डे ऑफ द डेड’मध्ये (१९८५) भूमिगत तळावर सैनिक व वैज्ञानिक परस्परांचा नाश ओढवतात, ‘लँड ऑफ द डेड’मध्ये (२००५) श्रीमंत उत्तुंग इमारतीत व गरीब तिच्या पायथ्याशी राहतात. संकट बाहेरून आले, तरी विनाश समाजाच्या आतल्या भेगांतून शिरतो, हे या मालिकेचे मुख्य सूत्र होय. ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) हा जपानी संगणकखेळ, ‘द वॉकिंग डेड’ ही दूरचित्रवाणी मालिका (२०१०–२२) आणि ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) हा कोरियन चित्रपट या निर्मिती याच सूत्राचे ऋण वागवितात.

मराठी भयपरंपरेशी या कल्पनेचा मेळ सहज बसत नाही. मुंजा, हडळ, समंध, खवीस या प्रत्येकाला विशिष्ट स्थान, पूर्वायुष्य आणि अतृप्त वासना असते; ती ओळखली की शांत करण्याचा उपायही सापडतो. प्रेतात संचार करणारा वेताळसुद्धा वेताळपंचविशीत राजाला न्यायाचे प्रश्न विचारतो, तर कोकणात व गोव्यात तो ग्रामरक्षक दैवत म्हणून पूजिला जातो. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांत अमानवी शक्तीचा सामना करण्यास ‘समर्थां’सारखा अधिकारी पुरुष उभा राहतो. रोमेरोच्या प्रेतांना नाव नाही, मागणे नाही आणि त्यांवर उताराही नाही. शिवाय दहनाचा संस्कार बहुसंख्य असलेल्या समाजात थडग्यातून उठणारे प्रेत ही कल्पना रुजण्यास आधारही थोडा आहे. म्हणूनच भारतीय चित्रपटांना प्रेतांऐवजी बाधेचे कारण शोधावे लागले.

‘गो गोवा गॉन’ (२०१३) या हिंदी चित्रपटात हे कारण म्हणजे गोव्याजवळील बेटावरील मेजवानीत वाटलेला अमली पदार्थ होय. राज निदिमोरू व कृष्णा डी. के. यांच्या या चित्रपटातील विनोद चटकदार आहे. पण त्यातील गोवा हा पाहुण्यांचा गोवा आहे. तेथील समाजाचे काहीच पणाला लागत नसल्याने भयही वरवरचे राहते. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ (२०२२) या मराठी चित्रपटाने डोंबिवली ही भूमी निवडली आणि मध्यमवर्गीय गृहसंकुल व शेजारची वस्ती यांतील दरी, तसेच पाण्याचा प्रश्न कथेच्या मध्यभागी आणला. नळाला पाणी कोणाकडे येते आणि कोणाकडे येत नाही, हे महाराष्ट्रातील शहरांत जीवनमरणाइतकेच तीव्र वास्तव आहे. अमेय वाघ व ललित प्रभाकर यांच्या व्यक्तिरेखा या दरीच्या दोन काठांवर उभ्या आहेत. रोमेरोचे सूत्र येथे खऱ्या अर्थाने स्थानिक झाले. मात्र विनोद व नायकाचा पराक्रम यांकडे चित्रपटाचा ओढा अधिक असल्याने संकुलातील माणसे स्वतःच्या दोषांपुढे फार काळ उभी राहत नाहीत. रोमेरोची निष्ठुरता त्यात नाही.

सरपोतदार यांनीच पुढे ‘मुंज्या’ (२०२४) या हिंदी चित्रपटात कोकणातील विवाहोत्सुक भुताकडे मोर्चा वळविला व त्याला मोठे यश लाभले. नाव आणि इच्छा असलेले भूत आपल्या प्रेक्षकाला अजूनही अधिक जवळचे वाटते, असा याचा अर्थ लावता येईल. परंतु अशा भुताची वासना पुरविली की गाव निर्धास्त होते. पाणी, घर व शेजार यांच्या वाटणीतून उपजणारे भय तसे शांत होत नाही. ते मांडण्यासाठी रोमेरोने दिलेला साचा उपयुक्त आहे. मराठी चित्रपटाने त्याचा एकदा, अर्धा का होईना, समर्थ उपयोग केला असून त्याची पुढील शक्यता अद्याप शिल्लक आहे.