'काल आले आहेत' आणि मर्फीसाहेब

दर जूनमध्ये पालक शाळेत येतात आणि विचारतात, "सर, इंग्रजी व्याकरणाचं कोणतं पुस्तक घेऊ?" बरीच वर्षं मी 'रेन आणि मार्टिन' सांगत आलो; आमची पिढी त्यावरच वाढली. अलीकडे रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' सुचवतो. केंब्रिजनं १९८५ साली काढलेलं हे पुस्तक घरच्या घरी शिकण्यासाठी आहे. डाव्या पानावर नियम, उजव्यावर अभ्यास, मागे उत्तरं. रेन-मार्टिन वाचून मूल नामाचे प्रकार घडाघडा म्हणतं आणि पाहुण्यांसमोर गप्प बसतं. मर्फी थेट रोजच्या वाक्यांना हात घालतात. हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

तरीही माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. नववीतल्या एका मुलानं निबंधात लिहिलं, 'माय अंकल हॅज कम यस्टरडे.' मी लाल रेघ मारली. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. "सर, आपण 'मामा काल आले आहेत' असंच म्हणतो की. चुकलं कुठं?"

खरं सांगतो, मला चटकन उत्तर सुचलं नाही. मर्फी उघडला. नियम स्वच्छ आहे: संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ. पण पोराची अडचण वेगळीच होती. मराठीत 'आले आहेत' म्हणजे मामा अजून घरात आहेत, आणि 'काल' त्याच्या शेजारी सुखानं नांदतो. इंग्रजीला तो शेजार चालत नाही. एवढं सांगितलं असतं तर रेघ मारावी लागली नसती. मर्फी ते सांगणार कसे? त्यांचं पुस्तक साऱ्या जगासाठी, म्हणून कुणाच्याच मातृभाषेशी ते बोलत नाही.

'ए' आणि 'द'चंही तेच. मराठीत नाहीत, कन्नडमध्येही नाहीत, म्हणून मुलं अडखळतात, असं आम्ही शिक्षक बिनदिक्कत सांगतो. पण 'पाटील मुलगा शोधताहेत' आणि 'पाटील मुलाला शोधताहेत' यांतला फरक कुठल्याही आजीला विचारा. पहिल्यात लग्नाची बोलणी, दुसऱ्यात हरवलेलं पोर. (आजी शाळेत गेलेली असो वा नसो.) म्हणजे 'कुणीतरी एक' आणि 'तोच तो' हा भेद मुलाच्या कानात आधीपासून आहे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची आम्ही पुष्कळ थट्टा केली. तिची वाक्यं आज जुनाट वाटतात, हे कबूल. पण मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत अशी तिची ये-जा असे. दोन भाषांचं कुठं जमतं, कुठं फिसकटतं, ते मुलाला दिसे. घरात मराठी, गल्लीत कन्नड ऐकणाऱ्या आपल्या मुलांची ही पुंजी वाया घालवून आपण त्यांना इंग्रजीच्या दारात रित्या हातानं उभं करतो.

मर्फी जरूर घ्या. फक्त वहीत प्रत्येक वाक्याशेजारी घरचं वाक्य लिहायला लावा. यंदा नववीत मी ते करून बघतो आहे. कन्नड वाक्यांसाठी आमच्या कन्नडच्या बाई मदतीला आल्या आहेत.